काठाची ज्वारी

आमच्या मायला बुरशीची पारख होती. कुणाला आंब्याची असते, कुणाला बैलाची, कुणाला सोयरिकीची, हिला बुरशीची. फडक्यात बांधून ठेवलेली भिजकी ज्वारी ती तिसऱ्या दिवशी सोडायची, नाकाजवळ न्यायची, डोळे बारीक करायची आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी थांबून सांगायची, "लव धरलीय. आजचा दिस ऱ्हाऊ दे." लव म्हणजे दाण्यावर येणारी मऊ पांढरी बुरशी. पांढरी असली की मायला आनंद. हिरवी दिसली तर तेवढे दाणे वेचून टाकायचे. काळी असली तर कोंबड्यांना. पिवळसर दिसली की ती जरा विचारात पडायची आणि मग म्हणायची, "चालतंय." तिच्या शास्त्रात या "चालतंय"ला फार मोठी जागा होती.

या ज्वारीचं ती सत्त्व करायची. लव धरलेली ज्वारी सावलीत वाळवायची, भाजायची, जात्यावर बारीक दळायची. बाळंतिणीनं हे सत्त्व गुळात शिजवून सकाळ-संध्याकाळ खायचं. गावात कुठंही बाळंतपण झालं की मायकडं डबा यायचा. रिकामा यायचा, भरून जायचा. उरलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील व्हायची. पीठ रात्रभर पाण्यात आंबवायचं, सकाळी लसूण-मीठ घालून पातळ शिजवायचं, झालं. मी लहानपणी आंबील प्यायले तेवढं पाणीही प्यायले नसेन.

ही ज्वारी यायची पाटलांच्या पेवातून. आमचं गाव हदगावकडचं. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. विहिरीसारखा खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, ज्वारी भरली की तोंड मातीनं लिंपून बंद. चार-पाच वर्षं तिकडं कुणी बघायचं नाही. उघडलं की पहिल्या दिवशी आत उतरायचं नाही, कारण आतली हवा माणूस मारते. दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर उद्या या. तेवत राहिला की माझा बाप उतरायचा. दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची बाकीची कामंही सोडली, पण पेवात उतरणं काही सुटलं नव्हतं. मधली ज्वारी मोत्यासारखी निघायची, ती पाटलांच्या घरात. भिंतीला लागलेली, ओल धरून ढेकळं झालेली, आंबूस वासाची ज्वारी निघायची ती काठाची. ती उतरणाऱ्याची. खरवडून घेशील तेवढी तुझी, अशी रीत होती.

मायला त्या काठाचा कोण अभिमान. म्हणायची, "मधली काय, कुणीबी खातंय. काठाची खायला अक्कल लागती." आणि गंमत बघा, पाटलीणबाईंच्या सुना बाळंत झाल्या की सत्त्वाचा पहिला डबा त्यांच्याच घरून यायचा. त्यांचाच काठ आमच्या घरी येऊन, लव धरून, दळून परत त्यांच्याच पोटात जायचा. पाटलीणबाई म्हणायच्या, तुझ्या हाताला चव आहे. माय म्हणायची, हाव. नम्रपणा तिला कधी जमला नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. मायबाप दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरी मी आणि माझी धाकटी बहीण. ती तीन वर्षांची होती. त्या साली पाटलांनी सगळ्यात जुनं पेव उघडलं होतं, आणि त्यात मधली ज्वारी थोडी, काठच जास्त निघाला. तोही सगळा काळा. काळी ज्वारी कोंबड्यांना घालायची हा मायचा नेम, पण कोंबड्या तोवर खाऊन झाल्या होत्या. मग काळ्याचंच पीठ आणि काळ्याचीच आंबील. सकाळी निघताना माय गाडगं झाकून ठेवायची आणि मला बजावायची, "ऊन डोक्यावर आलं की निम्मी तू, निम्मी ती."

निम्मी कधीच झाली नाही. मी माझी प्यायचे, मग तिच्यातली दोन घोट, मग चार. उन्हाळा चढत गेला तशी मी तिच्या वाट्याची बहुतेक सगळीच प्यायला लागले. ती रडली की पाणी पाजायचे आणि कावळा दाखवायचे. उन्हाळ्याच्या शेवटी तिचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि चार दिवसांत ती गेली. वस्तीतले म्हणाले कावीळ झाली. माय म्हणायची, "उन्हानं गेली." कुणीही विचारलं तरी तेवढंच, उन्हानं गेली.

मला मात्र माहीत होतं ती कशानं गेली. मी तिची आंबील प्यायले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. शाळा झाली, कॉलेज झालं, बाप वारला, नोकरी लागली, लग्न झालं, आणि ते माझ्या पोटात तसंच्या तसं राहिलं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी तिथं धान्य तपासायच्या लॅबमध्ये सहायक म्हणून लागले. लॅब म्हणायला लॅब. भाड्याचं घर होतं, आणि त्या घराचं स्वयंपाकघर ही आमची प्रयोगशाळा. ओट्यावर काचेची भांडी, मांडणीवर रसायनांच्या बाटल्या, आणि भिंतीवर आधीच्या बिऱ्हाडाच्या फोडणीचे डाग. पाटी आली होती, खुर्च्या आल्या नव्हत्या. शिक्के जुन्या जिल्ह्याचे होते, त्यावरचं नाव पेनानं खोडून आम्ही नवं लिहायचो. आमचे साहेब पुण्याकडचे. सडपातळ, स्वच्छ, दिवसातून सात वेळा हात धुणारे. पाणी चार दिवसांनी येणाऱ्या गावात त्यांचं हे व्रत कसं चालायचं ते त्यांनाच ठाऊक. बुरशीला ते अगदी वैऱ्यासारखं मानायचे. शिपायानं पाव आणला तरी मोडून, उजेडात धरून मगच खायचे.

त्यांनी मला सगळं शिकवलं. बुरशी पुसली, धुतली तरी तिनं दाण्यात सोडलेलं विष तिथंच राहतं. ते उकळून जात नाही, भाजून पुरतं जात नाही, नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही. ते कळतं जांभळ्या दिव्याला. धान्य दळायचं, रसायनात खळबळायचं, त्याचा थेंब काचपट्टीवर चढवायचा आणि खिडक्यांना काळं कापड लावून तो दिवा पेटवायचा. विष असलं तर पट्टीवर निळा ठिपका चमकतो. जितकं जास्त, तितका लख्ख. मला ते काम लई आवडायचं. दिवसभर मी लोकांच्या ज्वारीत आणि पेंडीत निळे ठिपके शोधायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापायचे.

तुम्ही म्हणाल, बाई, मग तुला तुझ्या मायची लव आठवली नाही का? खरं सांगते, नाही आठवली. साहेबांची बुरशी निराळी आणि मायची लव निराळी, असं मी मनात कधी ठरवून टाकलं होतं ते मलाही माहीत नव्हतं. साहेबांची बुरशी पुस्तकातली होती. मायच्या लवेवर आम्ही वाढलो होतो.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी जायचं, पण त्या साली परत पाऊस नव्हता. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. गावची विहीर आटली, तेव्हा माहेरच लातूरला आलं. माय एसटीतून उतरली ती डोक्यावर काठाच्या ज्वारीचं गाठोडं घेऊन. म्हणाली, कंडक्टर नाकाला रुमाल लावून विचारत होता, मावशी, काय सडलंय? "मी म्हणलं, सडलं न्हाई बाबा, मुरलंय."

मुलगी झाली. मायनं शेजारच्या घरातलं जातं हुडकून काढलं आणि सत्त्वाचा कारखाना सुरू केला. मी खायचे, आमचे हेही खायचे. हे शाळेत क्लार्क, मूळचे बिलोलीचे, तोंडानं गरीब. सासूपुढं जेवताना मान वर करायचे नाहीत, पण वाटी तीनदा पुढं करायचे. बाळ बघायला साहेब आले. मायनं त्यांच्यापुढंही वाटी ठेवली. त्यांनी आधी वाटी उजेडात धरून बघितली, मग एक घास खाल्ला, मग दुसरी वाटी मागितली. जाताना त्यांच्या बाईसाहेबांसाठी डबा भरून नेला. बुरशीचा तो जन्माचा वैरी माझ्या घरात बसून वाटीचा तळ चमच्यानं खरवडत होता, आणि माय दाराआडून त्याच्याकडं कौतुकानं बघत होती.

रजा संपली, मी कामावर गेले. बाळाला माय सांभाळायची. पाचवा महिना लागला की पौर्णिमेला, विहारात वंदना झाल्यावर, बाळाला पहिलं सत्त्व चाटवायचं असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. "तुला बी तेच चाटवलं व्हतं. बघ, सरकारी नौकरीला लागलीस."

त्यातच वरचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. त्यांना दिवा पेटवून दाखवायचा होता. आमचे साहेब म्हणाले, एक खराब नमुना ठेवू आणि शेजारी एक चांगला, म्हणजे फरक दिसेल. खराब म्हणून शेंगदाण्याची कुबट पेंड होती. चांगलं कुठून आणायचं? मी म्हणाले, साहेब, मी आणते की घरचं. आणि मी मोठ्या ऐटीत मायचं सत्त्व पुडीत बांधून घेऊन गेले. चांगलं धान्य म्हणून. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.

आदल्या दिवशी आम्ही करून बघितलं. खिडक्या झाकल्या, दिवा लावला. पेंडीचा ठिपका निळा दिसला, अपेक्षेप्रमाणे. शेजारी मायच्या सत्त्वाचा ठिपका त्याहून लख्ख. साहेब म्हणाले, पट्ट्या उलट्या ठेवल्यास. मी म्हणाले, नाही. त्यांनी मला परत करायला लावलं. परत तसंच. "हे कुठलं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले घरचं. "घरचं म्हणजे?"

"म्हणजे साहेब, तुमच्या डब्यातलंच."

साहेबांनी दिवा बंद केला. पुढं पंधरा दिवस त्यांचं पोट दुखत होतं. दोनदा रक्त तपासून आणलं, काही निघालं नाही, तरी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघायची त्यांना सवय लागली ती लागलीच. पण त्या दिवशी ते बोलले ते सरळ बोलले. म्हणाले, तू आजपासून हे बंद कर, अंगावरच्या दुधातूनही थोडं जातं. आणि बाळाला तर याचा कणही द्यायचा नाही.

मी पट्टी धुवायला घेतली आणि त्यांच्याकडं पाठ करून विचारलं, साहेब, तीन वर्षांचं लेकरू उन्हाळाभर काळ्या ज्वारीवर असेल, आणि त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले तर? ते म्हणाले, यानंच झालं असं नक्की सांगता येणार नाही, दुष्काळात पाणीही तसलंच असतं, उपासमार असते. पण लहान जिवाला थोडं पुरतं. मोठं मूल जास्त खाऊनही वाचतं, लहान वाचत नाही.

मी ती एक पट्टी किती वेळ धूत राहिले कुणास ठाऊक. सांगायला लाज वाटते, पण मला हलकं वाटलं. मी तिची आंबील प्यायले म्हणून ती गेली नसेल. मी प्यायले ते उलट तिच्या पोटात जायचं वाचलं असेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीतला दगड हलला, आणि हलल्या हलल्या मला दिसलं की तो आता कुणाच्या छातीवर जाऊन बसणार. आंबील मायनं रांधली होती. मी हे बोलले तर मी सुटणार आणि ती अडकणार. नाही बोलले तर ती पौर्णिमेला माझ्या लेकीच्या जिभेवर तेच ठेवणार. तेव्हा मी ठरवलं, सत्त्व घरातून घालवायचं, पण त्या साली काय झालं असेल ते मायला कळू द्यायचं नाही.

आणि इथून माझी फजिती सुरू झाली.

आधी मी दुकानातली स्वच्छ ज्वारी आणून गाठोड्यात भरली आणि तिची टाकून दिली. मायनं मूठभर हातात घेतली, वास घेतला. "ही कुणाची?" मी म्हणाले, तुझीच की. "माझ्या ज्वारीला वास हाय. हिला अंगच न्हाई." आणि पोलीस चोरीचा माल शोधतो तशी ती घरभर फिरली. सगळी ज्वारी गेली होती, पण तिनं पत्र्याच्या पेटीत तळाशी वेगळी बांधून ठेवलेली आणखी एक पिशवी निघाली. "परवासाला निगताना समदं एका जागी ठिवायचं न्हाई," ती म्हणाली.

मग मी ह्यांना पढवलं. जेवताना म्हणा, सत्त्वानं पोटात गॅस होतो. ह्यांनी सकाळी पाठ केल्यासारखं म्हटलं, आणि दुपारी शाळेतून आल्यावर मामींकडं जाऊन हळूच वाटी मागितली. मामी म्हणजे माझी माय. ती मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "जावाईबापू, गॅसचं काय झालं?"

मग मी डॉक्टरचं नाव पुढं केलं. डॉक्टर नको म्हणालेत. "कोन डाक्टर? त्याला लेकरं किती?" मी म्हणाले, लग्न व्हायचंय त्याचं. "मंग बरोबर हाय," माय म्हणाली आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

शेवटी मी रोज वाटी घेऊन मागच्या अंगणात जायचे आणि झेंडूच्या कुंडीत ओतायचे. झेंडूला इतकी फुलं आली की शेजारीण रोप मागायला आली. माय कुंडीपुढं उभी राहून म्हणाली, "लई तरारलाय. झेंडू बी बाळंत झालाय वाटतं." मी हसले. ती हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग बाळाला खांद्यावर टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बाळाला घेऊन आमच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. चारी बाजूंना बघून म्हणाली, "हे तर सैपाकघर हाय." साहेब उठले, तिला आपली खुर्ची दिली. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण साहेबांना डोळ्यांची भाषा कधी आली नाही. माय सरळ त्यांनाच म्हणाली, "साहेब, माझी लेक माझं सत्त्व झेंडूला घालून राहिली. माझं काय चुकलं ते तुमी तरी सांगा."

साहेबांनी सांगितलं. फार प्रेमानं, फार सविस्तर. खिडक्या झाकल्या, दिवा लावला, तिच्या सत्त्वाचा ठिपका दाखवला. माय वाकून बघत होती, बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"चांगलं दिसतंय की," ती म्हणाली. "ह्यो निळा ठिपका म्हंजी इख?"

"हो मावशी."

"धुतल्यावर?"

"जात नाही."

"शिजवल्यावर?"

"नाही."

मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, चालतंय. ती नाही म्हणाली. साहेबांनी कापडं काढली आणि मावशींसाठी चहा सांगायला बाहेर गेले. माय खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"काळीत लई असंल न हे?"

मी म्हणाले, "न्हाई माय. काळीत नसतं. हे पांढऱ्या लवेतच असतं, काळी बरी."

"लबाड," ती म्हणाली. रागानं नाही, मी लहान असताना म्हणायची तसंच. मग बाळाला खांद्यावरून मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं सारखं केलं आणि त्याच्याकडं बघतच म्हणाली, "तू तिची आंबील पीत व्हतीस."

मी हातातली काचपट्टी ओट्यावर ठेवली.

"रोज मी कामावरनं आले की तुझ्या वरच्या ओठाला वाळलेली असायची. तिच्या ओठाला नसायची. मला काय डोळे न्हाईत?"

"मग मला मारलं का न्हाईस?"

"उपाशी लेकराला काय मारू." ती म्हणाली. "ती गेली तवा तू रडलीच न्हाईस. भिताडाला पाठ लावून नुसती बसलीस. मी तवाच वळखलं. मनलं, ही आता जल्मभर सोताला खाणार. म्हून समद्या गावाला सांगत फिरले, उन्हानं गेली, उन्हानं गेली. तुझ्या कानावर पडावं म्हून."

मी ऑफिसात, साहेबांच्या टेबलापाशी उभी राहून रडले. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं, पण तिथं माझी लेक होती. माय तिला थोपटत राहिली. मी रडता रडता सांगत होते की नक्की नाही, साहेबच म्हणाले नक्की नाही, पाणीही वाईट होतं, भूक होती, वस्तीतली आणखीही लेकरं गेली. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "निम्मी दिली असतीस तर तिच्या पोटात आनखी गेलं असतं." मग साहेब चहा घेऊन आले, आणि दोघींचे चेहरे बघून चहा ठेवून परत बाहेर गेले. त्या दिवशी त्यांना डोळ्यांची भाषा कळली म्हणायची.

घरी आल्यावर मायनं पेटीतली पिशवी बाहेर काढली. मला विचारलं, कोंबड्यांना चालंल का? मी म्हणाले, न्हाई. ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभी होती. मग झेंडूच्या शेजारी खड्डा करून तिनं ती पुरली. पौर्णिमेला बाळानं मऊ वरणभात चाटला, आणि माय सगळ्यांना सांगत होती की तांदळात काही राम नसतो, पण आता काय करणार.

चार दिवसांनी निरोप आला, पाटलांकडं पेव उघडून राहिलेत. बाप गेल्यापासून माझा चुलतभाऊ उतरायचा. माय म्हणाली, मला जायाचंय, आणि तू बी चल. सुट्टी काढून मी बाळाला घेऊन तिच्याबरोबर गेले. नांदेडपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, आणि माय बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं मला माहीत होतं.

पेवापाशी माणसं जमली होती. कंदील वर आला, तेवत होता. चुलतभाऊ उतरायला निघाला तसं मायनं त्याच्या दंडाला धरलं. पाटलीणबाई ओसरीवर बसल्या होत्या, थकल्या होत्या आता. मायला बघून म्हणाल्या, आलीस बरं झालं, नातसुनेचे दिवस भरत आलेत, डबा पाठवते.

माय म्हणाली, "बाई, डबा पाठवू नका. आन काठ बी देऊ नका. उतरणाऱ्याला मधली द्या."

तोवर आमच्या वस्तीतल्या कुणी पेवाच्या तोंडाशी उभं राहून मधली मागितली नव्हती. पाटलीणबाईंनी विचारलं, अगं, काठाला काय झालं? जन्मभर तूच तर गोडवे गात आलीस.

"त्यात इख असतंय. माझी धाकटी त्यानं गेली."

पाटलीणबाई म्हणाल्या, ती तर उन्हानं गेली ना?

"न्हाई," माय म्हणाली. "मी रांधलेल्या आंबिलीनं गेली."

हे तिनं सगळ्यांपुढं सांगितलं, चांगल्या मोठ्या आवाजात. पाटलीणबाई तिच्याकडं बघत राहिल्या. नातसुनेचं मनात आलं असेल, किंवा आजवर भरून आलेले ते सगळे डबे आठवले असतील. मग त्यांनी गड्याला सांगितलं की उतरणाऱ्याची टोपली आधी मधल्या ज्वारीनं भर. चुलतभाऊ उतरला. पहिली टोपली वर आली, पांढरीशुभ्र. मायनं मूठभर घेतली, सवयीनं नाकाजवळ नेली आणि नाक मुरडलं.

वस्तीकडं परत येताना बाळ तिच्या कडेवर होतं. मी म्हणाले, "माय, सगळ्या गावापुढं कशाला सांगितलंस? ते नक्की न्हाई. साहेब म्हणालेत, नक्की सांगता येत न्हाई."

"नक्की कशाला पायजे," ती म्हणाली. "तुझ्यामुळं न्हाई गेली, एवढं नक्की हाय." मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, चल, ऊन लई झालंय.